फुटक्या पेट्यांची रांग

माझ्या सासूबाईंना दिसत नाही, हे मला सौंसरला कळलं. तसं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काचबिंदूने त्यांचे डोळे जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती, त्यांना घेऊन नागपूरच्या दवाखान्यात मीच बसले होते, आणि डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली तीही मीच पाहिली होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि कळणं वेगळं. पांढुर्ण्याच्या घरात त्या आंधळ्या आहेत असं कधी वाटलंच नाही, कारण त्या घरात त्यांना डोळ्यांचं काम पडत नव्हतं.

पांढुर्ण्याचं घरही भाड्याचंच, पण अकरा वर्षं एकच. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणाच्या टोकाला मोरी आणि तिच्या पलीकडे संडास. डोळे शाबूत असताना मामीजी तीन वर्षं त्या घरात वावरल्या होत्या. (आमच्याकडे सासूला मामीजीच म्हणतात.) डोळे गेले तरी घर त्यांच्या हातापायांत उरलं. पहाटे उठून त्या एकट्या परसाकडे जाऊन यायच्या, अंगण झाडायच्या, ज्वारी निवडायला बसायच्या. खडा त्यांच्या बोटांतून सुटत नसे. माझ्या डोळ्यांतून सुटायचा आणि मग नेमका आमच्या यांच्या दाताखाली यायचा. भाकर त्या थापायच्या, तव्यावर टाकायच्या आणि वासावरून उलटवायच्या. पाहुणे यायचे, त्यांच्या हातून पाणी घ्यायचे, तास तास गप्पा मारायचे आणि निघताना दारात मला हळूच विचारायचे, "यायले दिसत नाही म्हंतेत, ते खरं हाय का वो?"

लोक कौतुक करायचे आणि जाच मला व्हायचा. त्या घरात कुठलीही वस्तू वीतभरसुद्धा हलवायची सोय नव्हती. चिमटा चुलीच्या उजव्या अंगाला, मिठाची बरणी फळीच्या डाव्या टोकाला, पाट भिंतीला टेकून उभा. मी दुधाचं पातेलं हातभर अलीकडे ठेवलं की आतून आवाज यायचा, "कोनं हलवलं?" मी तेव्हा तिशीतली, त्यात तापट. घर माझं नाहीच, मामीजींच्या बोटांचं आहे, असं मी शेजारणीजवळ बडबडायची. एकदा तर मी म्हणाले, "एकदा तरी मले माह्या मनानं घर लावाले भेटू दे, देवा." देवाने ते ऐकलं असावं.

ही गोष्ट त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमाराची. हे मध्य प्रदेशच्या सिंचाई (पाटबंधारे) विभागात बाबू, म्हणजे कारकून होते. पोळा झाला आणि सौंसरला बदली झाल्याचा तबादला-हुकूम आला. अंतर काही फार नाही, एसटीसारख्या खडखड्या बसने दीड तास. पण रोज जाऊन येऊन नोकरी झाली नसती, आणि तिथे आमच्या नावाने क्वार्टर निघालं होतं. फक्त त्यात आधीच्या बाबूचं कुटुंब अजून राहत होतं. तो बाबू स्वतः नव्या ठिकाणी हजर झाला होता, पण त्याच्या लेकीचं लग्न ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त होता. लेकीला क्वार्टरातूनच सासरी वाटे लावतो आणि मग किल्ली देतो, असं त्याने यांना हात जोडून सांगितलं. लेकीचं लग्न म्हटल्यावर आमच्याकडे कोणाचं तोंड उघडत नाही. यांचं तर नाहीच, यांचं तोंड एरवीही जेवणापुरतंच उघडायचं.

मग यांच्या साहेबांनी ओळखीच्या एका संत्रा व्यापाऱ्याकडे शब्द टाकला. बोरगाव रस्त्याला त्याची संत्री भरायची टिनाची शेड होती. शेडच्या कडेला दोन खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. "दोन महिन्याचा त प्रश्न हाये," हे म्हणाले. सरकारी नोकराचं विंचवाचं बिऱ्हाड, दोन महिने कुठेही निघतात, असं मीही म्हटलं.

एकच अडचण होती, नेमका पितृपक्ष लागला होता आणि पितृपक्षात कोणी घर बदलत नाही. यांना तर हजर व्हायची तारीख पाळायची होती. तोड मामीजींनीच काढली. म्हणाल्या, "घर कुठी बदलून राहिलो आपन? गोदामात जाऊन राहिलो. गोदामाले कायचा आला पितृपक्ष?" आम्ही सगळे हसलो. घर नाही म्हणून दूध उतू जाऊ दिलं नाही, दिवा लावला नाही. आणि घर नाहीच म्हटल्यावर मीही त्या जागेला घरासारखं वागवलं नाही. पहिली चूक ती, आणि ती माझी.

ट्रक शेडसमोर थांबला. ड्रायव्हरच्या शेजारी मामीजी आणि माझी दोन्ही लेकरं. लेकरं उड्या टाकून पळाली. मामीजींना यांनी धरून खाली उतरवलं आणि हे सामानाकडे गेले. मी डोक्यावर गुंड, म्हणजे पितळेची मोठी घागर, घेऊन दाराकडे निघाले होते. सहज मागे पाहिलं. मामीजी ट्रकपाशी उतरवल्या तिथेच उभ्या होत्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते. रिकाम्या हवेत चाचपत होत्या. आठ वर्षांत मी त्यांचे हात तसे पुढे झालेले पाहिले नव्हते.

"दार कोन्या आंगानं हाये वो, सूनबाई?"

मी म्हणाले, "इकडे." डोक्यावर गुंड होता, हात रिकामा नव्हता, आणि मी म्हणाले, "इकडे या, मामीजी." ज्याला दिसत नाही त्याला इकडे म्हणजे काय कळणार? त्या आवाजाच्या रोखाने दोन पावलं चालल्या आणि ट्रकमधून काढून ठेवलेल्या पाट्यावर ठेचकाळल्या. पडल्या नाहीत. "दगड हाये होय इथं," एवढंच म्हणाल्या, जसं काही तो दगड त्या मुलखातलाच होता.

पहिले आठ दिवस मी बोचकी सोडलीच नाहीत. दोन महिन्यांसाठी दुसऱ्याच्या भिंतीत खिळे कोण ठोकणार? लागेल ते बोचक्यातून ओढायचं आणि काम झालं की परत कोंबायचं. सकाळी ट्रंक दारात, दुपारी खिडकीखाली, संध्याकाळी खाटेखाली. माझ्या मनासारखं घर लावायला मला मिळालं होतं आणि मी ते रोज नव्याने लावत होते. मामीजींच्या नडग्या ट्रंकेवर आपटायच्या, गुडघे बादलीवर. त्या काही बोलायच्या नाहीत. "कोनं हलवलं?" हे विचारणंही त्यांनी सोडलं. रविवारी पायाला तेल लावताना मला ते निळे डाग दिसले, आणि मी काय केलं, तर डागांवर हळद लावली. बोचकी सोडली नाहीत.

खरी पंचाईत परसाकडची होती. संडास शेडच्या मागे. आमच्या आतल्या खोलीचं दार शेडमध्येच उघडायचं. तिथून भिंतीच्या कडेने ती लांबलचक शेड ओलांडायची, मागच्या दाराने बाहेर पडायचं आणि मग दहा पावलांवर संडास. मी दर वेळी मामीजींचा हात धरून नेत होते, बाहेर उभी राहत होते आणि परत आणत होते. त्या वाटेवर त्या एक शब्द बोलायच्या नाहीत. पांढुर्ण्याला मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत हुकूम सोडणारी बाई माझा हात धरून खाली मान घालून चालायची. मला त्याचा त्रास होत होता असं नाही, पण त्यांचं ते गप्प राहणं मला सहन होत नव्हतं.

तोडगा यांनी काढला. शेडमध्ये संत्र्याच्या रिकाम्या लाकडी पेट्यांचे ढीग होते. एका रविवारी यांनी त्या पेट्या एकीवर एक तीन अशा कमरेइतक्या रचून आमच्या दारापासून मागच्या दारापर्यंत रांग लावली. मामीजींचा हात पहिल्या पेटीवर ठेवला आणि म्हणाले, "माय, आता हात लावत लावत चाल." त्या गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या. "चौदा पेट्या अन् मंग दार," त्या म्हणाल्या, आणि सौंसरला आल्यापासून पहिल्यांदा हसल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या खाटेची करकर ऐकू आली, मग शेडच्या दाराची कडी, मग पाण्याचा आवाज. मी पांघरुणात पडून ऐकत होते. मला माहेरी गेल्यासारखं वाटलं. त्याच दिवशी दुपारी आतून आवाज आला, "माहं टमरेल कोनं हलवलं?" आणि मी चक्क आनंदाने धावत गेले.

आमच्या भागात संत्र्याची पेटी हा कोणाचा तरी माल आहे, हे कोणाच्या ध्यानातच राहत नाही. लेकरं पेटीवर पाटी ठेवून अभ्यास करतात, पेटीत कोंबडी अंड्यांवर बसते, उभी केली की तिचं कपाट होतं, फोडली की चूल पेटते. ज्याच्या घरी पेटी नाही असं घर मी पांढुर्णा-सौंसरात पाहिलं नाही. त्यामुळे ही भिंत आपण दुसऱ्याच्या मालाची उभी केली आहे, आणि दसऱ्यानंतर आंबिया बहाराचं संत्रं तोडायला लागतात, हे या भागात जन्मलेल्या आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दसऱ्यानंतर आठेक दिवसांनी संध्याकाळी व्यापाऱ्याची माणसं आली. शेडमध्ये पेट्यांची आदळआपट सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पहिला माल यायचा होता, त्यासाठी ते पेट्या मागून काढून पुढे, रस्त्याकडच्या फाटकाशी लावत होते. पेट्या हलताहेत तो आवाज मी ऐकला. ऐकला, आणि वरणाला फोडणी देत राहिले. हे मी यांनाही कधी सांगितलं नाही.

सकाळी उजाडता उजाडता मामीजी उठल्या. टमरेल घेतलं, दार उघडलं. पहिल्या पेटीवर हात पडला, कारण नवी रांगही आमच्या दारापासूनच सुरू होत होती. फक्त ती मागे जायच्या ऐवजी पुढे गेली होती. आमच्या दारात उभं राहिलं तर मागचं दार आणि पुढचं फाटक सारखंच लांब. टिनाखाली आवाज चारी बाजूंनी घुमत होता, म्हणून त्यांनी पेट्यांवरच्या हातावरच भरवसा ठेवला, चौदा मोजल्या, वळल्या आणि दहा पावलं चालल्या.

मला जाग आली ती आवाज बंद पडल्यामुळे. बाहेर ट्रकमधून माल उतरत होता, माणसं एकमेकांना हाका मारत होती, आणि एकदम सगळं थांबलं. मी धावले. मामीजी फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. एका हातात टमरेल, दुसऱ्या हाताने लुगडं घोट्याच्या वर उचलून धरलेलं. भोवती आठ-दहा गडीमाणसं डोक्यावर टोपल्या घेऊन जागच्या जागी उभी. एकही हसला नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. सगळे खाली पाहत होते.

"कोन हाये?" मामीजींनी विचारलं. त्यांनी श्वास घेतला. विडीचा वास होता, ताज्या संत्र्यांचा होता. त्यांनी लुगडं सोडलं आणि टमरेल पदराखाली घेतलं.

मी हात धरून त्यांना आत आणत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "किती जन होते?"

"कोनी नव्हतं, मामीजी."

"मंग संत्रे का आपले आपनच उतरून राहिले होते?"

त्या दिवसापासून त्यांनी पाणी पिणं सोडलं. मला ते कळायला चार-पाच दिवस लागले. त्यांच्या उशाशी पितळेचा गडवा मी सकाळी भरून ठेवायची. संध्याकाळी तो तसाच भरलेला असायचा आणि मला वाटायचं, थंडी पडायला लागली, तहान लागत नसेल. मग चहा अर्धा टाकायला लागल्या. मग भाकर अर्धी. दिवसातून एकदाच, मी बोलवेन तेव्हा, माझा हात धरून जाऊन यायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या. सातव्या दिवशी अंग तापलं, लघवीला जळजळ, ओठ सुकून सालपटं निघालेली. डॉक्टरने तपासलं आणि हिंदीत विचारलं, "अम्माजी पानी क्यों नहीं पीतीं?" मी औषधाची चिठ्ठी उचलली. घरी येऊन मात्र माझा ताबा सुटला.

"आवाज द्या नं मले! मी काय सातासमुद्रापार बसून राहिली का? दिवसातून दहादा आवाज द्या, दहादा नेतो मी तुमाले."

"तू नेशील वो," त्या म्हणाल्या. "तू गुनाची हायेस. पन मले नाही जमत."

"काय नाही जमत?"

"आवाज द्याचं."

मी ओरडले, रडले, खाटेखाली भांडं ठेवते म्हणाले. भांड्याचं नाव काढल्यावर त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्यांचा राग यायचा आणि रागाच्या तळाशी भीती असायची. ही बाई माझ्या डोळ्यांदेखत वाळून मरणार आहे, कशाने, तर मला हाक मारायची लाज वाटते म्हणून, आणि मी भरलेला गडवा रोज ओतते नि रोज भरते आहे. आमचे हे तर माझ्याहून लाचार. क्वार्टर लवकर सोडा म्हणून सांगायला त्या बाबूच्या घरी गेले आणि लग्नाच्या तयारीचे लाडू खाऊन परत आले. "त्यायच्या घरी सारे पाहुने जमून राहिले, मी काय बोलू?" असं म्हणाले आणि मामीजींच्या पायथ्याशी बसून राहिले.

शेडमध्ये एव्हाना काम जोरात होतं. दिवसभर रामाकोना गावाकडच्या पंधरा-वीस बाया फरशीवर बसून संत्री छाटायच्या, मोठं वेगळं, लहान वेगळं, नासकं बाजूला, आणि गडी ती भाताचं तणस घालून पेट्यांत भरायचे. त्या बायांची एक म्होरकी होती, पन्नाशीची, आवाजाने दांडगी. एके दुपारी ती आमच्या दारात प्यायला पाणी मागायला आली आणि तिला खाटेवर मामीजी दिसल्या.

"बुढे माय, अशी कायले निजून राहिली वो? चाल, संत्रे छाटू लाग."

"त्यायले दिसत नाही, बाई," मी म्हणाले.

"मंग? डोयानं कोन छाटते? हातानं छाटतेत."

तिने मामीजींना विचारलंसुद्धा नाही. धान्याचं पोतं उचलावं तसं दंडाला धरून उभं केलं आणि घेऊन गेली. मी दारात उभी. आता या हात झिडकारतील, आता रडतील, असं मला वाटत होतं. बायांनी सरकून जागा केली, एक गोणपाटाची बोरी अंथरली आणि त्यांच्या पुढ्यात संत्र्यांचा ढीग लोटला. मामीजींनी ढिगावरून हात फिरवला. मग एक संत्रं उचललं. मग दुसरं. देठाशी अंगठा फिरवायचा, बुडाशी दाबायचं आणि ठेवायचं. तासाभराने एक संत्रं त्यांनी म्होरकीच्या हातात दिलं, "हे आतून गेलं." वरून चांगलं पिवळंधमक, टणक. म्होरकीने फोडलं तर आत देठाखाली काळं. बायांनी हसून कल्ला केला, आणि त्यानंतर ज्या फळाबद्दल शंका, ते सगळं मामीजींच्या पुढ्यात यायला लागलं.

संध्याकाळी यांनी ते पाहिलं आणि यांचा चेहरा पडला. "अवो, बाबूची माय मजुरीले बसली म्हंतीन लोकं."

"म्हनू द्या," मी म्हणाले. "आज दोन गडवे पानी पेल्या."

दिवसभरात बाया मधूनच उठायच्या, चार-पाच जणी मिळून मागच्या अंगाला जायच्या. त्यातली एखादी मामीजींच्या काखेत हात घालायची आणि सगळ्या बोलत, एकमेकींना हसत जायच्या. बायांच्या घोळक्यात परसाकडे जाण्यात काही मिंधेपणा नव्हता. खेड्यातल्या बायका जन्मभर तशाच जातात. मामीजीही लग्न होऊन आल्यापासून तशाच गेलेल्या. हे मला सुचलं नसतं. मी आपली एकटीच पुण्य कमवायला निघाले होते.

पहाटेचं कसं करायचं, तेही म्होरकीनेच ठरवलं. फुटक्या, फळ्या निसटलेल्या पेट्या तिने बायांकरवी गोळा केल्या, त्यांत विटांचे तुकडे भरले, सुतळीने एकीला एक बांधली आणि आमच्या दारापासून मागच्या दारापर्यंत रांग लावली. "चांगली पेटी कोनीबी उचलन," ती म्हणाली. "फुटकीले कोन हात लावते?" सतरा पेट्या झाल्या. व्यापाऱ्याचा मुकादम आधी कुरकुरला, मग तोच राखण करायला लागला. नवा गडी तिकडे वळला की ओरडायचा, "ए, थे बुढीची लाइन हाये, हात नोको लावू!"

दिवाळी त्या शेडमध्ये झाली. मीही अखेर बोचकी सोडली, भिंतीत चार खिळे ठोकले, चिमटा चुलीच्या उजव्या अंगाला ठेवला. मामीजी पुन्हा पहाटे एकट्या जाऊ लागल्या, भाकरी थापू लागल्या, माझ्या चुका काढू लागल्या. पोटऱ्या भरल्या, आवाज मोठा झाला. एकदा त्यांनी बायांना दुपारी भाकर नि तेलातला तिखट भुरका खायला बोलावलं, आणि बोलावताना "आमच्या घरी या" म्हणाल्या. गोदाम म्हणाल्या नाहीत.

आणि तुळशीच्या लग्नानंतर पंधरा दिवसांनी त्या आधीच्या बाबूने शब्द पाळला. लेकीला सासरी वाटे लावलं आणि किल्ली नि बुंदीचा पुडा घेऊन स्वतः दारात आला.

खोटं कशाला सांगू, मी हरखून गेले. टिनाखाली रात्री गारठून आणि दुपारी भाजून मी विटले होते. नासक्या संत्र्यांचा वास माझ्या केसांत बसला होता. क्वार्टरला पक्क्या भिंती होत्या, घरात नळ, अंगणातच स्वतंत्र संडास, खोलीपासून पंधरा पावलांवरही नसेल. मामीजींनाच किती सोयीचं होईल, असं म्हणत मी त्यांच्याकडे धावले. त्या ज्वारी निवडत होत्या. हात थांबला.

"कधी जायाचं?"

"रविवारी."

त्यांनी थोडा वेळ दाणे या बाजूचे त्या बाजूला केले. मग म्हणाल्या, "तुमी जा. मी राह्यतो इथंसा. बाया हायेत."

हे हसले, आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, "माय, हे आपलं घर नोहे."

"मंग थे कोनाचं हाय?"

"थे सरकारचं."

"मंग?"

मी समजावत राहिले. बहार संपत आला, महिन्याभरात शेडला कुलूप लागेल, बाया कापूस वेचायला जातील, इथे कोण उरणार? सगळं खरं होतं. त्यांनी सगळ्याला मान डोलावली. वाद घातला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. दोष द्यायला कोणी सापडत नव्हतं. तबादला करणारा नाही, लेकीचं लग्न लावणारा नाही, पेट्या हलवणारेही नाहीत.

रविवारी ट्रक भरला तेव्हा बाया काम टाकून फाटकाशी आल्या. म्होरकीने मामीजींच्या ओटीत चार संत्री घातली आणि मला बजावलं, "तिची लाइन लावून देजो वो, बाई."

मी लावली. क्वार्टरात पाय ठेवला त्याच दिवशी संध्याकाळच्या आत मी सगळी बोचकी सोडली, खिळे ठोकले, ट्रंक एका जागी ठेवली आणि लेकरांना बजावलं की हिला बोट लावलंत तर याद राखा. मामीजींच्या खाटेपासून संडासापर्यंत भिंतीला धरून यांनी काथ्याचा दोर बांधला. मग मी त्यांचा हात धरून तीन वेळा फिरवलं, खाटेपासून दार पाच पावलं, दारापासून पायरी दोन, पायरीपासून पुढे सात. त्या शहाण्या लेकरासारख्या माझ्याबरोबर चालल्या. कुठे अडखळल्या नाहीत, काही विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच जागी झाले आणि खाटेची करकर ऐकायची म्हणून कान देऊन पडून राहिले. करकर झाली नाही. खिडकीत उजाडलं, नळाला पाणी आलं. मग त्यांच्या खाटेवरून हळू आवाज आला.

"सूनबाई. मले ने वो."

दिवाळीच्या आधी मी ज्या हाकेसाठी त्यांच्याशी भांडले होते, ती त्यांनी मारली होती. मी चिडूनच उठले. म्हणाले, "चौदा पावलं हायेत, मामीजी! दोर बांधला हाये. काल तीनदा दाखवलं नं तुमाले."

"असतीन," त्या म्हणाल्या. "मी नाही मोजली. आता नाही मोजत, बाई. उद्या पुन्हा कुठी जायचं असन."

नाही जायचं, असं मला म्हणता आलं नाही. सरकारी नोकरी होती, आज ना उद्या हुकूम येणारच होता, आणि आलाही. त्यांनी हात वर केला. मी तो धरून त्यांना उठवलं, तेव्हा त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला. मी त्यांना नेलं. त्यानंतर त्या साडेचार वर्षं होत्या, आणि रोज मीच त्यांना नेलं.